पुरुषांच्या बराकीतला व्यसनमुक्ती कार्यक्रम महिला विभागात जसाच्या तसा चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: एका जिल्हा कारागृहात पुरुष बंद्यांसाठी बारा सत्रांचा व्यसनमुक्ती कार्यक्रम चालू आहे. आता तोच महिला विभागात घ्या, असं वरून सांगण्यात आलं आहे. विचारणारी समाजकार्यकर्ती नवीन आहे. हा कार्यक्रम तसाच चालेल का, आणि नसेल तर नेमकं काय बदलायचं, असं तिला हवं आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून पुरुष आणि महिला अशा दोन्ही विभागांत काम केलं आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

औषधांत फारसा फरक नाही, हे आधी सांगून टाकते. दारू सुटताना येणारे झटके थांबवायला डायझेपाम किंवा लोराझेपाम, जोडीला थायमिन, गर्दच्या टर्कीला, म्हणजे गर्द सुटताना होणाऱ्या त्रासाला, बुप्रेनॉर्फिन, हे पुरुषाला तेच आणि बाईला तेच. गरोदर बाईचं वेगळं, त्यावर पुढे येते. खरा फरक त्या औषधापर्यंत माणूस पोचतो कसा, यात आहे. आणि गेटबाहेर पडल्यावर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय, यात आहे. पुरुषांसाठी आखलेले बहुतेक कार्यक्रम एक ठरावीक माणूस डोळ्यांसमोर ठेवतात: मित्रांच्या संगतीत लागलेला, दारूवर किंवा गर्दवर असलेला, घरी आई किंवा बायको वाट बघत असलेला. महिला विभागात हा माणूस तुम्हाला भेटणारच नाही.

आकड्यांपासून सुरुवात करते, कारण तुमचे वरिष्ठ तेच पुढे करतील. सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष दारू पितात, स्त्रिया फक्त १.६ टक्के, असं आढळलं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते, त्यात स्त्रिया २३,७७२, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणीही म्हणेल, आधीच बायका मूठभर, त्यातही पिणाऱ्या किती असणार? पण हा हिशेब चुकतो. सीना फाझेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दहा देशांतल्या २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कारागृहात नव्याने येणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ३० टक्क्यांना अमली पदार्थांच्या सेवनाचा विकार होता, स्त्रियांपैकी ५१ टक्क्यांना. दारूचं चित्र तसं नव्हतं, तिथे स्त्रिया पुढे नव्हत्या. अमेरिकेतल्या राज्य कारागृहांची २००७ ते २००९ ची सरकारी पाहणीही अमली पदार्थांबाबत हेच सांगते: स्त्रिया ६९ टक्के, पुरुष ५७.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. तिकडचे पदार्थ वेगळे, कायदे वेगळे. पण त्यामागचं कारण इथेही लागू पडतं. बाई गुन्ह्यात सापडते तेच मुळात कमी. ज्या सापडतात त्यांच्यामागे बहुतेकदा मारहाण, कर्ज, सोडून दिलेला किंवा सोडून न देणारा नवरा आणि त्यात मिसळलेली एखादी सवय असते. म्हणजे बाहेरच्या समाजात व्यसन असलेली बाई विरळा असली, तरी गाळणीतून खाली उतरून कारागृहात पोचलेल्या बायकांत ती विरळा राहत नाही.

मग ती दिसत का नाही? कारण मुलाहिज्याच्या वेळी, म्हणजे आत घेताना होणाऱ्या तपासणीत, विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. नव्या बंद्याला टेबलापलीकडून विचारलं जातं, "दारू, गांजा, काही व्यसन?" पुरुष निदान "थोडी घेतो" म्हणतो. बाई "नाही" म्हणते, आणि पुष्कळदा तिच्या दृष्टीने ते खरंही असतं.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीची बाई, घरगुती भांडणाच्या गुन्ह्यात आलेली. कागदावर व्यसन: निरंक. पहिल्या दोन रात्री झोप नाही, हात थरथरतात, छातीत धडधड. बराकीतल्या बाकीच्यांनी "पहिल्यांदाच आलीय, घाबरलीय" म्हणून पाठीवर हात फिरवला. तिसऱ्या रात्री ती ताठ झाली, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. बराकीत कुणी म्हणालं, अंगात आलंय. कपाळाला कुंकू लावलं, पाणी शिंपडलं. ती आकडी होती. गेली कित्येक वर्षं ती अल्प्राझोलमच्या अर्ध्या मिलीग्रॅमच्या गोळ्या दिवसाला सहा-सात घेत होती. बाळंतपणानंतर झोप येईना म्हणून कुणा डॉक्टरने लिहून दिलेल्या, नंतर ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळत राहिलेल्या. अटकेच्या दिवशी त्या एका झटक्यात बंद झाल्या. तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी "व्यसन" या शब्दाला तिने हो म्हटलं नसतं. ते तिचं औषध होतं.

म्हणून महिला विभागात पहिला प्रश्न व्यसनाचा नकोच. झोप कशी लागते, डोकेदुखीची, टेन्शनची, अंगदुखीची गोळी रोज लागते का, पाकीट कसं दिसतं, कुठून आणता, एखाद्या दिवशी नाही मिळाली तर काय होतं, असं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, त्यातच निदान असतं. खोकल्याचं कोडीनचं औषधही याच दाराने बाहेर येतं.

आणि मिश्री. आपल्याकडच्या बायकांच्या बराकीतलं सगळ्यांत मोठं व्यसन हे आहे आणि एकाही फॉर्मवर त्याचा रकाना नसतो. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. आत तंबाखूला बंदी, त्यामुळे आल्या दिवसापासून डोकं धरून बसणं, चिडचिड, पोट बांधलेलं, दातदुखीच्या तक्रारी. दवाखान्यातून पॅरासिटामॉल आणि जुलाबाची गोळी मिळते. दोन आठवड्यांत पहिला भर ओसरतो, पण तोवर बराकीत दोन भांडणं झालेली असतात आणि त्या बाईवर कटकटी म्हणून शिक्का बसलेला असतो. निकोटीनचं दोन मिलीग्रॅमचं गम साधं आणि स्वस्त औषध आहे. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलून ते यादीत आणा. बारा सत्रांतलं एक मिश्रीवर घेतलंत तर बाकीच्या अकरांना बायका आपण होऊन येतील, हे मी पैज लावून सांगते. लाज न वाटता बोलता येईल असा तो एकच विषय आहे.

पुरुषांच्या बाजूला वेगळीच गफलत होते. तिथे व्यसन सगळ्यांना माहीत असतं आणि म्हणूनच कुणी गंभीरपणे घेत नाही. दारूवरचा माणूस अटकेनंतर दोन-तीन दिवसांनी बरळायला लागतो, चादरीवरचे नसलेले किडे वेचतो, हवेतला दोरा ओढत बसतो, घामाने निथळतो. बराकीतले म्हणतात नाटक करतोय, जामिनासाठी वेड्याचं सोंग. हा दारू एकदम तुटल्यामुळे होणारा सन्निपात आहे आणि उपचार न मिळाल्यास माणूस यात जातो. पुरुषांच्या विभागात जीव वाचवणारं शिक्षण कोणतं, असं विचाराल तर मी समुपदेशनाच्या आधी हे सांगेन: रात्रपाळीच्या शिपायाला पहिल्या चार दिवसांतली ही लक्षणं ओळखता आली पाहिजेत. महिला विभागात हा प्रकार कमी दिसतो, पण हातभट्टी गाळणाऱ्या आणि स्वतःही घेणाऱ्या बायकांत दिसतो, त्यामुळे तिथेही डोळे उघडे ठेवा.

दारूबद्दल अजून एक. तुमच्या मूल्यमापनाच्या फॉर्मात "किती वर्षं पिता" याला गुण असतील तर ते स्त्रियांच्या बाबतीत फसवतील. तेवढ्याच दारूने बाईच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं, कारण शरीरातलं पाणी कमी आणि जठरात दारू मोडणारं विकरही कमी. पहिल्या घोटापासून अवलंबित्वापर्यंतचा प्रवास स्त्रियांत लवकर होतो, यकृतही लवकर बिघडतं. चार वर्षं पिणारी बाई तुमच्या फॉर्मवर "सौम्य" ठरेल आणि तिचे पाय सुजलेले असतील.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे गट. पुरुषांचे कार्यक्रम बहुधा गटावर उभे असतात, आणि गटात एकमेकांना धारेवर धरणं हा त्यांचा कणा असतो. ही पद्धत आली कॅलिफोर्नियातून. १९५८ मध्ये सुरू झालेल्या सिनॅनॉन या संस्थेत एकाला मध्ये बसवून बाकीच्यांनी त्याचं ढोंग फोडायचं, अशी रीत होती. तिचे सौम्य अवतार जगभरच्या कारागृहांत पसरले. आपल्याकडेही "खोटं बोलू नकोस, तुझ्यामुळे घराचं वाटोळं झालं हे कबूल कर" ही भाषा गटात सर्रास चालते. काही पुरुषांना ती लागू पडते, विशेषतः ज्यांनी सगळा दोष नशिबावर, पोलिसांवर नि बायकोवर ढकललेला असतो. महिला विभागात बहुतेकींची अडचण याच्या बरोबर उलट असते. त्यांनी सगळा दोष आधीच स्वतःवर घेतलेला असतो. पोरं उघड्यावर पडली ती माझ्यामुळे, नवरा मारायचा तो माझ्या तोंडामुळे. तिला आणखी धारेवर धरलं तर ती कबूल करेल, रडेल, आणि पुढच्या सत्राला येणार नाही. किंवा येईल आणि गप्प बसेल.

यातल्या कितीतरी जणींनी लहानपणी किंवा लग्नात लैंगिक अत्याचार भोगलेला असतो, आणि गोळी, दारू किंवा गर्द हा त्या आठवणी दाबण्याचा उपाय असतो. तो उपाय काढून घेतला की आठवणी वर येतात. नशा सुटल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाई अचानक रात्री किंचाळून उठायला लागली, तर व्यसनमुक्ती फसली असं समजू नका. तिथे दोन्हींवर एकत्र काम करावं लागतं, एक संपवून दुसरं नव्हे. कॅलिफोर्नियातल्या एका महिला कारागृहात हे तपासून पाहिलं गेलं. ११५ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला नेहमीचा कार्यक्रम, दुसऱ्याला स्त्रियांचा आघात, नाती आणि मुलं धरून बांधलेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुटकेनंतर वर्षभरात पुन्हा कारागृहात आलेल्या पहिल्या गटात ४५ टक्के होत्या, दुसऱ्यात ३१ टक्के. बाहेरच्या निवासी उपचारातही दुसऱ्या गटातल्या स्त्रिया जास्त काळ टिकल्या.

पण तुम्ही लगेच आघातावरचा गट सुरू करू नका. महिला विभाग म्हणजे बहुतेक ठिकाणी एक आवार आणि दोन-तीन बराकी. गटात सांगितलेलं संध्याकाळच्या जेवणापर्यंत सगळीकडे होतं. पुरुषांच्या बाजूला सहआरोपींना वेगवेगळ्या सर्कलमध्ये, म्हणजे कारागृहाच्या वेगळ्या भागांत, ठेवता येतं. इथे सासू आणि सून एकाच गुन्ह्यात, एकाच बराकीत, शेजारी अंथरूण टाकून. त्यात देशातले दर चारांतले तीन बंदी न्यायाधीन आहेत, खटला चालू आहे. म्हणून गटात फक्त झोप, राग, ओढ आली की काय करायचं, मुलांना फोनवर काय सांगायचं, एवढंच घ्या. अत्याचाराचं बोलणं एकटीशी, दार लोटून, महिला शिपायाला ऐकू जाणार नाही पण दिसेल इतक्या अंतरावर. गुन्ह्याचा तपशील तर विचारायचाच नाही, आणि वहीत लिहायचा त्याहून नाही. दुसरं म्हणजे न्यायाधीन बंदी कधी जामिनावर जाईल याचा नेम नसतो, तेव्हा बारा सत्रांची साखळी करण्यापेक्षा प्रत्येक सत्र स्वतःपुरतं पूर्ण करा. हे दोन्हीकडे लागू आहे.

कार्यक्रमात "कुटुंबाबरोबर सत्र" असेल. पुरुषांच्या मुलाकातीच्या रांगेत आया, बायका, बहिणी पिशव्या घेऊन उभ्या असतात. व्यसनमुक्तीची आपल्याकडची सगळी रचना या बायकांच्या खांद्यावर आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींनाही उपचारात ओढून घेतलं आणि पुढे स्त्री रुग्णांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, तो उगाच नाही. महिला बंद्यांची रांग विरळ असते. नवऱ्याला पत्र पाठवून बोलावण्याआधी तिला विचारा. पुरुष मित्राकडून शिकतो, बाई पुष्कळदा नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून. सुई टोचणाऱ्या जोडप्यांत आधी तो घेतो, मग त्याच सुईने तिला टोचतो, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस सी तिच्यापर्यंत याच वाटेने येतात. ज्याला तुम्ही आधार म्हणून बोलावताय तो पुरवठादार असू शकतो किंवा हात उगारणारा. तिची आई, बहीण, शेजारीण चालते. कुणीच नसेल तर ते सत्र गाळा.

गरोदरपणाबद्दल मात्र काटेकोर राहा. गर्द किंवा तशा पदार्थांवर असलेल्या स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, त्यामुळे दिवस गेल्याचं त्यांना स्वतःलाच कळत नाही. प्रवेशाच्या वेळी, तिच्या संमतीने, लघवीची चाचणी झालीच पाहिजे. चाचणीत दिवस गेल्याचं आलं आणि बाई गर्दवर असेल तर "चांगलंच झालं, आता आपोआप सुटेल" हा विचार धोक्याचा आहे. पदार्थ एकदम तोडणं गर्भाला झेपत नाही. बुप्रेनॉर्फिन सुरू करून बाळंतपणापर्यंत आणि नंतरही चालू ठेवायचं असतं. बाळाला पहिल्या काही दिवसांत थरथर, सततचं रडणं, दूध नीट न ओढणं असा त्रास होऊ शकतो. तो उपचाराने जातो, आणि आईने अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. प्रसूती ज्या सरकारी रुग्णालयात होणार तिथे हे आधी कळवा, नाहीतर तिथली परिचारिका बाळ काढून घेते आणि आईला चार शब्द सुनावते. उलट बाजूला, गर्द सुटल्यावर थांबलेली पाळी अचानक परत येते, कधी खूप जोरात. बाई घाबरते, काहीतरी बिघडलं म्हणते. तिला आधीच सांगून ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालानुसार सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ राहू शकतात. २०२२ च्या अखेरीस देशात १,५३७ स्त्रियांबरोबर १,७६४ मुलं आत होती. तुमच्या सत्राची वेळ मुलांच्या जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळेवर येत असेल तर आया येणार नाहीत, आणि हजेरीत "अनुत्सुक" लिहिलं जाईल. मुलं बाहेर असतील तर प्रश्न आणखी मोठा. पुरुषांना मुलांबद्दल कुणी विचारतच नाही, हेही चुकीचंच आहे. मी विचारायला लागले तेव्हा धिप्पाड माणसं डोळे पुसताना पाहिली. लहानपणी झालेला अत्याचार तर पुरुष बायकांपेक्षाही खोल पुरतात. महिलांसाठी कार्यक्रम बदलताना शिकलेलं थोडं पुरुषांच्या बाजूला परत न्या. तृतीयपंथी बंद्यांची गणना दोन्हीकडे नीट होत नाही. त्यांना कुठल्या गटात बसायचं हे त्यांनाच विचारा आणि हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या का, तेही.

कायद्याचं थोडक्यात. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे. स्वतः सेवन करणारा, कलम २७ खाली किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला माणूस स्वेच्छेने उपचाराला तयार झाला तर त्याच्यावरची कारवाई टळू शकते. एमडी, म्हणजे मेफेड्रोनचं अल्प प्रमाण दोन ग्रॅमपेक्षा कमी, व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त. दुसऱ्यासाठी पिशवी पोचवताना पकडलेली बाई मोठ्या प्रमाणात अडकते, कलम ३७ मुळे जामीन अवघड होतो आणि ६४अ तिच्या कामी येत नाही. ती स्वतः सेवन करत असली तरी वकील तिला "सेवन करते असं बोलू नकोस" म्हणतो. त्यामुळे तुमच्या फॉर्मवर ती कधीच उमटणार नाही. उपचाराची नोंद खटल्यापासून वेगळी, दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवा, आणि हे तिला स्पष्ट सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ची व्याख्या दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरते, आणि कलम १०३ बंद्यांच्या उपचारांची सोय करायला सांगतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांतला १५ वा नियम तर स्त्री बंद्यांसाठी वेगळे उपचार आखताना पूर्वीचा अत्याचार, गरोदरपण आणि मुलं लक्षात घ्या, असंच सांगतो. अधीक्षकांना पत्र लिहाल तेव्हा हे तीन उल्लेख टाका. नुसत्या "गरज आहे" या शब्दांवर शेरा मिळत नाही.

शेवटी सुटका. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या ३०,२३७ बंद्यांच्या २००७ मधल्या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२.७ पट होता, अतिसेवनाने मरण्याचा १२९ पट. आत असताना शरीराची सवय मोडते आणि माणूस बाहेर जाऊन जुनाच डोस घेतो. हे वाक्य प्रत्येक सत्रात, दोन्ही विभागांत, पुन्हा पुन्हा सांगा. पुरुष बहुतेकदा त्याच चौकात आणि त्याच टोळक्यात परततो, पण निदान घर असतं. बाईचं पुष्कळदा घरच गेलेलं असतं, आणि जामिनाचा कागद संध्याकाळी येतो. सात वाजता गेटबाहेर, हातात पिशवी, एसटी गेलेली. त्या रात्री ती ज्याच्याकडे जाईल तिथे तिचं पुढचं वर्ष ठरतं. म्हणून सुटकेची तयारी पहिल्याच आठवड्यात करा: जिल्ह्यातल्या महिला आधारगृहाचा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर तिच्या वहीत, जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या व्यसनोपचार बाह्यरुग्ण विभागाचा वार आणि वेळ, बुप्रेनॉर्फिन चालू असेल तर डोस लिहिलेली वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीची चिठ्ठी. चिठ्ठीची एक प्रत गेटवरच्या रजिस्टरला टाचून ठेवा, कारण ज्या दिवशी ती सुटेल त्या दिवशी दवाखाना बहुधा बंद झालेला असेल.